शनिवारच्या पत्रांची फाइल

प्रिय ताई,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं आहे, त्यावर विसंबून राहू नकोस.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू लेकीकडे आहेस. इकडे आपल्या बाइंडिंगच्या दुकानात इंग्रजी पत्रं साचत गेली आणि मी त्यांच्याकडे नुसती बघत बसले. पंचवीस वर्षं आपली वाटणीच तशी होती. माझे हात खळीत बरबटलेले, तुझ्या हातात कागद. दर शनिवारी तू स्टुलावर बसून ग्राहकांची पत्रं वाचायचीस, अर्थ सांगायचीस, आणि मी जुन्या पुस्तकांचे कणे शिवत ऐकायचे. तुझ्या इंग्रजीचा मला केवढा अभिमान होता! आता त्या अभिमानाचीच चीड येते.

शेवटी औषधांच्या दुकानावरच्या शिकवणीत नाव घातलं. वर्गात सगळ्यांत म्हातारी मीच. साधे शब्द जमले, पण मग आली ती अप, डाउन, ऑफ, आउट ही चिल्लीपिल्ली. क्रियापदाच्या मागे लागली की अर्थाचे तीनतेरा. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे म्हणे नाद सोडणं! मी वैतागून वही मिटली, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं, की आपणही कान भरतो, नाक मुरडतो, तिथे कोण शब्दाला शब्द लावत बसतं? ते मला पटलं.

सरावासाठी मी आपली शनिवारची फाइल काढली. ग्रंथालयाच्या पहिल्याच पत्रात माझं काम ‘सेकंड टु नन’ होतं. म्हणजे त्याला तोड नाही. तू मला सांगितलं होतंस, की त्यांना काम दुय्यम वाटलं. त्यानंतर मी कितीतरी महिने प्रत्येक शिवण दोनदा उसवली, बोटं सुजेपर्यंत. तरी मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, तिलाही कळलं नसेल बिचारीला.

मग त्याच ग्रंथालयाचं अकरा वर्षांपूर्वीचं पत्र हाती लागलं. ग्रंथदुरुस्तीची नोकरी मी ‘टर्न डाउन’ केली, नाकारली, याचं त्यांना वाईट वाटत होतं. मागे तुझ्या उत्तराची प्रत टाचलेली. अक्षर तुझं, खाली नाव माझं. ताई, मला नोकरी देऊ केली होती हेच मला माहीत नव्हतं! तिथे मात्र तुला सगळं नीट कळलं होतं.

मी गेले तर तू एकटी पडशील, अशी भीती वाटली असेल तुला. मग आपल्या भाषेत सरळ म्हणायचंस, जाऊ नकोस. मी थांबले असते, हेच जास्त झोंबतं.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. भांडण समोरासमोर होईलच. गेल्या महिन्यात मी स्वतः ग्रंथालयाला लिहिलं. ती जागा पुन्हा निघाली आहे आणि त्यांना मी जिथे काम करते तिथल्या मालकाचं पत्र हवं आहे. दुकान तुझ्या नावावर आहे. तेव्हा बस आणि इंग्रजीत लिही, की पंचवीस वर्षांतली प्रत्येक शिवण माझी आहे. खाली सही कर, या वेळी तुझी स्वतःची. आणि पाकीट चिकटवू नकोस. मी आधी वाचणार आहे.

नाइलाजाने अजूनही तुझीच,
धाकटी