दुकानावरच्या तीन माळा

२८ सप्टें., रविवार
पेटल्या! दिव्यांच्या तिन्ही माळा पेटल्या, पहिल्याच फटक्यात. ओट्यावर एकटीच नाचले. मायला ओढत आणलं तर ती आधी इस्त्रीचंच बोलली. माळा चालवणाऱ्या सर्किट-बोर्डावर नक्षी उठवायला तिची इस्त्री घेतली होती, तिच्या तळाला काळं चिकटलंय. शिवाय बोर्डावरचं जादा तांबं खाणाऱ्या पाण्याने मोरीत पिवळे डाग. जाऊ दे गं माय. तांब्याच्या चार पाट्या वाया गेल्या, पाचवीवर जमलं. लाल, पिवळी, निळी. बटन दाबलं की चाल बदलते, अशा पाच चाली.

नानांनी दुकानातून मान वर करून एकदा बघितलं. "खेळणं शे," म्हणाले आणि परत पंपाच्या मोटारीत डोकं घातलं.

२९ सप्टें.
आज जेवताना कळलं. दिवाळीचा पाडवा झाला की दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने. बोलणं झालंय म्हणे. (तो अक्कलकुव्याचा, केसांना जेल लावणारा. यापुढे मो.वा.) नानांना बारीक तार दिसत नाही आता, हे खरंय. गेल्या महिन्यात एकाच मोटारीची कॉइल दोनदा भरली त्यांनी. आमच्या खापर गावाच्या आसपासच्या निम्म्या पंपांच्या मोटारी ज्या माणसाने रिवाइंड केल्या त्याने दोनदा भरावी! कुणाला सांगितलं नाही, मी बघितलं.

मी म्हटलं, दुकान मला द्या. डिप्लोमा आहे, नाशिकला कंपनीत दोन वर्षं बोर्डच तपासत होते, स्टार्टर-पॅनल करीन, वायंडिंग तुमच्याकडून शिकीन. तर नाना मला, पोटच्या पोरीला, म्हणे मोटार उचलणार कोण, आणि शेतकरी पोरीच्या हातात मोटार देईल का. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, हा बोर्ड दुकानावर लावते, दिवाळीभर एकदाही चुकला नाही तर?

नानांनी भाकरी कुस्करली. मग: "धनतेरसपाईन पाडवापावत चालू दे. मंग देखूत."

धनतेरसपासून पाडव्यापर्यंत! आणि "मंग देखूत", मग बघू, म्हणजे नाही नव्हे.

३० सप्टें.
तळोद्याला मामाकडे निघाले. दसरा करून परत. येताना वायर, बटनं, प्लॅस्टिकचा खोका आणायचा. बोर्ड नानांच्या कामाच्या फळीवर, पेपरखाली. मायला बजावलंय हात लावू नको. नानांना बजावायची हिंमत नाही.

२ ऑक्टो., दसरा
परत. खोका मिळाला, मस्त पारदर्शक.

काल खंडेनवमीला नानांनी हत्यारं पुजली. वायंडिंगचं मशीन, हातोडी, पक्कड, मीटर, मोडकं स्टूल, सगळ्यांना कुंकवाचं बोट, अक्षता, झेंडूचं फूल. माझा बोर्ड पेपरखाली तसाच, कोरा. बरोबरच आहे. खेळण्याला कोण कुंकू लावतं.

वाईट वाटलं. लिहू नये, पण वाटलं.

५ ऑक्टो.
काय दिवस!! दुकानाच्या पाटीभोवती तिन्ही माळा गोल बांधल्या. एक लाल दिवा, एक पिवळा, एक निळा, परत लाल, असं पूर्ण कडं. आणि नवी चाल टाकली, लाल-पिवळी-निळी पाठोपाठ. वीजवाल्याला सांगायला नको, हे तर तिन्ही फेजच्या वायरींचे रंग. सगळं कडं गरगर फिरायला लागलं.

नाना हात पुसत बाहेर आले. कपाळावर हात धरून बघत राहिले. "हाई ते मोटार फिरी ऱ्हायनी," म्हणाले. मग जवळ येऊन, लहान पोरासारखं, म्हणे दोन वायरी अदलाबदल करून बघ. दोन फेज बदलले की मोटार उलटी फिरते, हे त्यांचं रोजचं गणित. मी लाल-पिवळी बदलली. कडं उलटं फिरायला लागलं! नाना हसले. दात दिसले. मी शेवटचे कधी बघितले होते ते दात, आठवत नाही.

दिवेलागणीला सगळा विचका. बटनाला कुणी हात लावला नाही आणि चाल आपोआप बदलली. परत बदलली. मग तर एका मिनिटात सहाही चाली. नाना आत गेले.

६ ऑक्टो.
दुपारी तीनला एकदम शहाणा. संध्याकाळी वेडा. असा कसा बोर्ड?

७ ऑक्टो.
नाना म्हणाले व्होल्टेज. संध्याकाळी शेतातले पंप चालू होतात, लाइन खाली बसते. पटलं! शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, धापा टाकत. बॅटरीवर तर लाइनचा काही संबंध नाही.

साडेसहाला परत तेच. म्हणजे व्होल्टेज नाही. वाईट वाटायच्या ऐवजी मजाच वाटली. एक संशयित सुटला.

९ ऑक्टो.
सगळे जोड परत सोल्डर केले. बोट भाजलं. फरक शून्य.

१० ऑक्टो.
प्रोग्राम पुसून नव्याने लिहिला. दुपारी उत्तम. संध्याकाळी. जाऊ दे.

१२ ऑक्टो.
मो.वा. टेप घेऊन आला, काउंटर कुठे बसवायचा त्याची मापं घ्यायला. नेमकी दिवेलागण. माय रोजच्यासारखी दुकानापुढे पाणी शिंपडत होती, आणि वर माझ्या माळा पिसाळलेल्या. मो.वा. हसला. म्हणे ताई, सुरतेत तयार मिळतात. नानांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते जास्त लागलं.

सहा दिवस उरलेत.

१४ ऑक्टो., मंगळवार
सापडलं. सापडलं गं बाई!

दुपार, बोर्ड शांत चालू होता. मी नानांचं भिंग घेऊन एकेक जोड बघत होते, नाक जवळजवळ बोर्डावर. वैतागून उसासा टाकला आणि चाल बदलली. मी दचकले. परत तोंडाने "हा" केलं, चष्मा पुसताना करतात तसं. बदलली! पाच वेळा केलं, पाच वेळा बदलली. वाफ! ओल! संध्याकाळचा गारवा आणि मायचा सडा, दोन्ही बोर्डाच्या फळीशेजारी, दारातच. पंप बिंप काही नाही, बोर्डाला दमट हवा लागते आणि तो वेडा होतो.

पण नुसत्या ओलीने एवढं होत नाही. म्हणून बटन उपसून काढलं. बटनाखाली, दोन पायांच्या मधोमध, लाल काहीतरी वाळून बसलेलं. आधी गंज वाटला. भिंगाखाली धरलं. कुंकू. आणि कुंकवात चिकटलेला तांदळाचा अर्धा दाणा.

बटन मुठीत धरून उठले.

स्वयंपाकघरात जाऊन मायला विचारलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुन्हा बापनी सगळास्ले कुकू लाई दिधं, तुन्हा त्या खेळणालेबी. मंग बाहीघाई पुशी टाकं." मी चिडेन म्हणून बाहीने पुसलं, की त्यांची त्यांनाच लाज वाटली म्हणून, हे तिला माहीत नाही. कपाळाला लावतात तसं ओलं बोट लावलं होतं म्हणे. वरचं पुसलं गेलं, बाकीचं बटनाखाली ओघळलं.

हत्यारांत पुजला होता माझा बोर्ड. मी तळोद्यात जिलबी खात होते तेव्हा. आणि इथे येऊन मी रुसले.

खूप हसले. मग रडले पण. माय म्हणाली पोळी जळंल तुझ्या नादात.

१५ ऑक्टो.
अर्धी चूक माझी, हे लिहून ठेवते. बटनाजवळ कमी अडथळ्याची रेझिस्टर लावायची होती. घरात नव्हती म्हणून शंभरपट मोठी लावली, म्हटलं चालतंय. त्यामुळे कुंकवाच्या ओलीतून गेलेला एवढासा करंटही बोर्डाला बटन दाबल्यासारखा वाटायचा. बरोबर लावली असती तर कुंकू पचलं असतं. कंपनीत दुसऱ्याच्या असल्याच चुका पकडायचे मी!

रेझिस्टर बदलली. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने कुंकू घासून काढलं. दाणा काडेपेटीत ठेवलाय.

नानांना सांगायचं का? सांगितलं तर त्यांना वाटेल त्यांच्यामुळेच बिघडलं. नाही सांगितलं तर वाटेल मला कळलंच नाही. ठरत नाही.

त्यांच्याकडे वार्निश मागितलं, मोटारीच्या कॉइलला ओल लागू नये म्हणून लावतात ते. कशाला, हे विचारलंच नाही त्यांनी. डबा दिला, म्हणाले दोन हात दे, मधे उन्हात वाळव. आणि फळीवरच्या टूथब्रशकडे बघत उभे राहिले. ब्रशाचे केस लालभडक. मी ब्रश उचलला, पण उशीर झाला होता.

१७ ऑक्टो.
वार्निश वाळलं. बोर्ड चॉकलेटी, चकचकीत, अगदी नानांच्या मोटारीच्या कॉइलसारखा दिसतो. सडा झाला. वाफ दिली. ओलं फडकंच वर धरलं. ढिम्म! मायला मिठी मारली, ती म्हणाली पीठ लागंल.

१८ ऑक्टो., धनतेरस
पहिली रात्र. चुकला नाही. मी दर पाच मिनिटांनी बाहेर.

१९ ऑक्टो.
दुसरी. एक जीप थांबली, मोलगीकडचे लोक, बाजार करून चाललेले. सुरतेहून आणलं का, विचारत होते. नाना म्हणाले, "नही, घरनं शे." एवढंच. मी आत फळीमागे उभी होते, ऐकलं.

२० ऑक्टो.
तिसरी. चाललाय. फटाक्याने एक दिवा फुटला, बोर्डाचा दोष नाही, धरू नये.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
चौथी. एक शेतकरी स्टार्टर घेऊन आला, सणाच्या दिवशी, उसाला पाणी द्यायचंय म्हणे. नाना फुलं आणायला गेले होते. मी खोललं, आतला काँटॅक्ट घासला, चालू करून दिला. तो नानांची वाट बघत बसला नाही. नानांना सांगितलं तर "हं" म्हणाले.

२२ ऑक्टो., पाडवा
पाच. पाचही रात्री. एकदाही नाही!

सकाळी मो.वा.चा फोन आला होता. सोमवारी किल्ली घ्यायला येतो म्हणाला. नाना त्याला "या" म्हणाले, की "बघू" म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही. माय म्हणते तिलाही नाही.

संध्याकाळी माळा फिरत होत्या आणि नाना दुकानाची पूजा करत होते. मशीनला कुंकू, हातोडीला कुंकू, मीटरला. बोर्डाच्या खोक्यापाशी आले आणि थांबले. बोट वाटीत बुडवलेलंच. मला वाटलं आता लावतील. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"तू लाव," म्हणाले. "कोठे लावानं ते आते तुलेच माहीत शे."

मी खोक्याच्या झाकणावर लावलं, बाहेरून, बटनापासून लांब. काडेपेटीतला दाणा त्यावर चिकटवला. नाना भिंग लावून बघत होते, किती लांब लावलं ते. मग दुकान आतून बंद केलं. किल्ली रोज त्यांच्या बंडीच्या खिशात जाते. आज फळीवर ठेवली, पक्कड आणि बोर्डाच्या मधे, आणि जेवायला गेले.

मी उचलली नाही. अजून तिथेच आहे.