निळी निवायला ठेवली आहे

अत-बाशी,
बुधवार, २७ जानेवारी

माझ्या पोरी बुरुल,

तुला अताचे आणि आईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. मेंढ्या बऱ्या आहेत, गाय या महिन्याभरात विईल. तुझा खोकला गेला का? कान झाकतेस ना? तुमच्या क्रास्नोयार्स्कची नदी हिवाळ्यातही गोठत नाही म्हणे, त्यामुळे तिकडची थंडी ओली असते. कोरडी थंडी माणसाला बाहेरून चावते, ओली थंडी कानातून आत शिरते. हे मला रात्री आठवतं आणि मग झोप लागत नाही.

फोनवर तू विचारतेस, "अता, कसे आहात?" मी म्हणतो, "बरा आहे." मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. म्हणून लिहायला बसलो. सातवीपर्यंतच शिकलोय, अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. शेजारच्या तालायची बहीण येत्या शनिवारी तिकडे परत निघतेय. तिच्या हाती हे पत्र आणि कुरुतची पिशवी देतो. या वेळी दह्यात मीठ जास्त पडलं, म्हणून सुकवलेले गोळे जरा खारट झालेत. तोंडात धरून ठेव, लगेच चावू नकोस, दात सांभाळ.

मागच्या फोनवर तू दोन गोष्टी बोललीस. पहिली, "अता, आता निळी गाडी विकून टाका, कोचकोरचा एक माणूस रविवारी बघायला येईल." दुसरी मला नीट ऐकू आली नाही, लाइन खरखरत होती. म्हणून पहिलीबद्दलच लिहितो. निळी विकली गेली नाही. अजून अंगणातच आहे. का, ते सांगतो. आधी बाकीचं.

जाताना तू म्हणाली होतीस, एकच हिवाळा, तोवर हिला सांभाळा. हा तिसरा. तू आलीस की तशीच दवाखान्याची पेटी मागच्या सीटवर ठेवून आजाऱ्यांकडे निघता यावं, एवढंच मी बघत आलोय. बाकी मला काय येतं?

रस्त्यावर यंदा मीठ फार टाकलंय. पूर्वी नुसती वाळू टाकायचे. मीठ चाकांबरोबर उडतं, गाडीच्या पोटाला चिकटतं आणि गुपचूप लोखंड खात बसतं. वरून गाडी कशी नवरीसारखी दिसते. म्हणून थंडी जरा सैल पडली की मी तिला धुवायला नेतो. इंजिनावर आजीच्या तंबूतला लोकरीचा जुना नमदा घालतो. समोरच्या जाळीला पुठ्ठा लावतो. बॅटरी संध्याकाळी काढून घरात आणतो आणि आत, दाराच्या समोरच्या भिंतीशी ठेवतो, तिथे वारा लागत नाही.

तुझी आई म्हणते, "पाहुण्याची जागा आहे ती! तुमचा सख्खा भाऊ आला होता त्याला दारात बसवलंत, आणि बॅटरी बसलीय गादीवर. तिला चहा देऊ का?"

मी म्हटलं, "साखर कमी घाल."

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एक चूकही झाली, ती तालाय तुला सांगायच्या आत मीच सांगतो. दारांच्या रबराला लावायला तू दिलेली मलमाची नळी संपली. रबराला काही लावलं नाही तर थंडीत दार चिकटतं. मला वाटलं, चामड्याला चालतं ते रबरालाही चालेल, म्हणून मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून चारही दारांना चोळली. सकाळी पाहतो तर टपावर मॅगपाय पक्ष्यांची पंचायत भरलेली, आणि आपला कुत्रा मागच्या दाराचं रबर सणाचं हाड चघळावं तसं चघळत बसलेला. खालचा कोपरा गेला. तिथून थोडं वारं येतं. मी नमद्याचा तुकडा कोंबलाय. रागावू नकोस. कुत्र्यावर तर मुळीच नको, त्याला इतकं सुख आयुष्यात मिळालं नव्हतं.

रोज सकाळी बॅटरी लावून इंजिन तापवतो. त्याला वेळ लागतो, तोवर आत बसतो. तुझ्या जागेवर नाही, शेजारच्या. काचा आतून-बाहेरून पांढऱ्या असतात, त्यांवर बर्फाची पिसं उमटलेली. उजेड दुधासारखा झिरपत येतो. बाहेर अंगण आहे की नाही, गाव आहे की नाही, काही कळत नाही. इंजिन पायाखाली घुरघुरत असतं. मग डोळा लागतो आणि गाडी चालायला लागते. तू चालवत असतेस. मागे पेटी खडखडते. आपण खिंडीकडे निघालेलो असतो आणि वाटेत कुणीच आजारी नसतं. प्रत्येक घरातून माणसं नुसती बाहेर येतात, हात हलवतात, आत जातात. तू म्हणतेस, "अता, आज काही काम नाही." मी म्हणतो, "मग सावकाश ने." आणि आपण पांढऱ्यात पांढरं होत जातो. रस्ता संपतच नाही. मग तुझी आई काचेवर टकटक करते, "मेलात की जिवंत आहात?" आणि मी खाली उतरतो.

असो. त्या माणसाचं सांगतो.

गेल्या शनिवारी दुपारी निळीला तालायच्या गॅरेजात नेलं. विकायची असली तरी मळकी कशी दाखवायची? लोक म्हणतील, मुलीची वस्तू बापाने टाकून दिली. तालायने गरम पाण्याचा फवारा सुरू केला आणि सगळं वाफेने भरलं. गाडी दिसेनाशी झाली. क्षणभर वाटलं, माझी करडी घोडीच उभी आहे, वरच्या कुरणावरून पळून आलेली, अंगातून वाफा निघताहेत. मी हात पुढे केला, तर ओलं गरम पत्र्याचं अंग हाताला लागलं. हात मागे घ्यावासा वाटेना.

तालाय ओरडला, "अता, आता पोटाखाली कुठे शिरताय? वरून चकाचक झाली ना!"

"मीठ खालूनच खातं रे."

"अहो, विकायचीय ना? मग खालचं मीठ पुढच्या मालकाचं!"

मी पोटही धुतलं.

आता, गरम पाण्याने धुतलेल्या गाडीचं काय करायचं ते तुला ठाऊक आहे. मीच शिकवलंय. घामेजलेला घोडा थंडीत लगेच आत घालायचा नाही, पाणी द्यायचं नाही, खोगीर काढायचं नाही. खांबाला बांधायचा आणि निवू द्यायचा. गाडीचंही तेच. रबरं पुसायची, कुलपातलं पाणी फुंकून काढायचं, चारही दारं उघडी टाकून तिला थंडीत उभी करायची. मधूनमधून दारं हलवायची, नाहीतर ती गोठून बसतात. हॅन्डब्रेक ओढायचा नाही, ओला ब्रेक गोठून चाकं धरून ठेवतो. निवली की मग लावायची. तू पहिल्यांदा शिकलीस तेव्हा हसून म्हणाली होतीस, "अता, हिला खोगीरही घालू का?"

शनिवारी मी निळीला घरी आणलं. अंगणात उभी केली. चारही दारं लावली. हॅन्डब्रेक ओढला. आणि चहा प्यायला आत गेलो.

रात्री कडाका पडला. सकाळी कोचकोरचा माणूस आला, बायकोला घेऊन. माणूस चांगला होता. आधी गुराढोरांची चौकशी केली, मग गाडीची. निळी उन्हात अशी चमकत होती की त्याची बायको म्हणाली, "हीच घेऊ."

त्याने दार ओढलं. उघडेना. दुसरं ओढलं. तिसरं ओढताना मूठ करकरली.

"अता, आत कुणी झोपलंय का?"

तुझी आई खिडकीतून म्हणाली, "ओढा, ओढा! म्हातारा बाहेर आहे, आत कुणी नाही!"

कुंपणावरून तालाय बघत होता. तो म्हणाला, "गरम पाणी ओता." मी म्हटलं, "काच तडकेल." मग त्या माणसाने आणि मी मिळून गाडी ढकलून पाहिली. चाकं जमिनीला शिवल्यासारखी. त्या माणसाने हातमोजे झटकले.

"अता, जिचं दार हिवाळ्यात उघडत नाही, ती गाडी हिवाळ्यात काय कामाची?"

मी म्हटलं, "खरं आहे."

चहा घेतला, पाव मोडला, आशीर्वाद दिले आणि गेले.

ते गेल्यावर तुझी आई बराच वेळ कपात दूध घालत राहिली. मग म्हणाली, "चाळीस हिवाळे बघतेय. घोडी निववायला तुम्ही कधी विसरला नाहीत. दारू प्यायलेले असायचात तेव्हासुद्धा नाही."

मी माझा कप पुढे केला.

"मी खिडकीत होते," ती म्हणाली. "तुम्ही दारं लावताना पाहिलं."

"मग हाक का नाही मारलीस?"

ती उठली आणि बॅटरीवरची धूळ पुसायला लागली. म्हातारी पाठमोरी असली की तिला काही विचारू नये, हे तुलाही माहीत आहे.

पोरी, मुद्दाम केलं का, ते मला सांगता येत नाही. हातांनी केलं, आणि मी हातांना थांबवलं नाही. आणि लाइन खरखरत नव्हती. तुझी दुसरी गोष्ट मला स्वच्छ ऐकू आली होती. "अता, इथे मला कायम करताहेत. मी आता इथेच राहीन." खरखर माझ्याच घशात होती.

तुझी आई म्हणते, एवढ्या लांब एकट्या पोरीला असं लिहू नका, तिला रडू येईल. पण तिनेच कागद आणून दिला.

तालाय सांगत होता, तो कोचकोरचा माणूस पुन्हा यायला तयार आहे. बायकोला निळी आवडलीय. मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तू सांगशील तसं. तुझी गाडी आहे, तुझ्या कमाईची. दवाखान्यात तुला कायम करताहेत म्हणजे तू चांगली आहेस म्हणूनच ना? हे मी फोनवर म्हणायला हवं होतं. आता म्हणतो.

काल दारं सोडवली. हाताची ऊब देऊन, चिंधीने, सावकाश, काही मोडलं नाही. आज सकाळी तिला पुन्हा नेऊन धुतलं, पोटासकट. तालायने कपाळाला हात लावला.

आता खिडकीत बसून लिहितोय. ऊन पडलंय, पण त्यात काही ऊब नाही. निळी चारही दारं उघडी टाकून अंगणात उभी आहे, उडायच्या आधी पंख वाळवत बसलेल्या पक्ष्यासारखी. छपरावरचा बर्फाचा चुरा वाऱ्याने उडतो, एका दाराने आत जातो, चमकतो आणि दुसऱ्या दाराने निघून जातो. तुझ्या जागेवर थोडा बसलाय. कुत्र्याला बांधून ठेवलंय. आई मधूनमधून जाऊन दारं हलवून येते, मी सांगितलेलं नाही.

निवली की लावीन. मग जो ओढील त्याला ती उघडेल. तो माणूस आला तर त्यालाही. किल्ली पिठाच्या डब्यामागेच आहे, तू ठेवून गेलीस तिथे. कान झाकत जा.

हॅन्डब्रेक ओढलेला नाही.

तुझा अता,
काल्मात