वीस हरभरे

मोताळा, मंगळवार संध्याकाळ, १९६४

उस्तादांचा नेम साधा आहे. वाटीत पन्नास भिजवलेले हरभरे, दर दहा बैठका झाल्या की एक तोंडात टाकायचा. वाटी रिकामी म्हणजे पाचशे भरल्या. आज तीनशेवरच मांड्या थरथरायला लागल्या, वर भूक मरणाची. तालमीत कोणी नव्हतं. उरलेले वीस मी एका मुठीत तोंडात कोंबले.

तेवढ्यात उस्ताद आले. वाटी पाहिली अन् पाठीवर थाप मारली. "शाबास बे! आता जमून राह्यलं तुले." स्वतःसाठी आणलेला दुधाचा गिलास माझ्या हातात दिला. मी तो पिऊनही टाकला! तेव्हा तरी बोलायचं होतं. काऊन नाही बोललो? ते कधी मोजत नाहीत, माझ्यावर सोडतात. आणि मी? वीस हरभऱ्यांसाठी!

घरी जेवण गेलं नाही. माय उद्याचे हरभरे मोजून भिजत घालत होती. म्हटलं, "माय, उद्या सत्तर घाल."

"काऊन रे, भूक वाढली काय?"

"हाव," म्हणालो.

तिला इतका आनंद झाला, की न मोजताच तिनं वरून आणखी एक मूठ टाकली.