काशीचं रक्त

रत्नागिरी, ८ मार्च १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. वहिनीसाठी आमसुलं पाठवली आहेत.

आता कामाचं. लोटे गावातल्या कारखान्यात गडचिरोलीकडचा एक कामगार आहे. त्याची मुलगी काशी, नऊ वर्षांची. महिन्या-दोन महिन्यांनी तिचे हातपाय असे दुखतात की पोर जमिनीवर लोळते. इथले डॉक्टर संधिवात म्हणून इंजेक्शनं टोचताहेत. रक्त माझ्या लॅबमध्ये आलं, तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. सिकलसेल! डॉक्टरांना सांगितलं तर हसले. म्हणे, तो आजार विदर्भातला, कोकणात कुठून येणार? मी म्हटलं, आजार नाही आला, मुलगी आली. पण लॅबवालीचं ऐकतो कोण! तू याच रक्तावर संशोधन करतोस. तुझ्या सहीच्या दोन ओळी डॉक्टरांना धाड, म्हणजे पोरीचे उलटे उपचार थांबतील.

लोभ आहेच, उत्तराला उशीर करून तो तपासू नये.
तुझी उल्का

मुंबई, १७ मार्च १९८६

चि. उल्कास,
अ. उ. आ.

पत्र वाचून खुर्चीतून उठलोच! या पेशी साखर कशी जाळतात, रक्तात आम्ल का साठतं, आणि दुखणं उठण्याआधी नेमकं काय बदलतं, हे अजून कुणाला धड ठाऊक नाही. मला नमुना हवा. मुलीला उपाशी पोटी बोलाव. रक्त काढल्याबरोबर यंत्रात फिरवून वरचा पिवळा द्रव वेगळा कर, थर्मासात बर्फात घाल आणि रातराणी एसटीच्या कंडक्टरकडे दे. बर्फ भरपूर घाल, वाटेत वितळला तर सगळं मुसळ केरात. बर्फ कसा फोडायचा, तेही मागच्या पानावर लिहिलं आहे.

डॉक्टरांना लिहितो, आधी आकडे हाती येऊ देत. तुझी वहिनी म्हणते, आमसुलं रत्नागिरीच्या माणसांइतकीच आंबट आहेत.

तुझा दादा

रत्नागिरी, ३० मार्च १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

थर्मास मिळाला असेल. आता माझं ऐक.

काशीच्या आईला, हौसाला, मी उपाशी आण म्हणून सांगितलं. तिच्या घरी उपास म्हणजे निर्जळी. आदल्या संध्याकाळपासून पोरीला पाण्याचा थेंब दिला नाही. वर लोट्याहून उन्हात एसटीचा प्रवास. रक्त काढून होतंय तोच पोरीला कळ आली आणि ती माझ्या बाकावरच आडवी झाली. पाणी पाजलं, पण उशीर झाला होता. इस्पितळात न्यावं लागलं. ती ओरडत होती आणि मी तुझी नळी बर्फात घालत होते. या आजारात अंगातलं पाणी आटलं की कळ उठते, हे आपल्या दोघांनाही ठाऊक. बर्फावर तू पानभर लिहिलंस, पाण्यावर एक शब्द नाही. मलाही सुचू नये, याची चीड जास्त आहे.

डॉक्टरांनी कागदावर पुन्हा संधिवातच लिहिला. तुझं पत्र कुठाय?

रागावले आहे, तरी लोभ असावा.
उल्का

मुंबई, १० एप्रिल १९८६

चि. उल्कास,
अ. उ. आ.

कमाल केलीस! आम्ल इतकं वाढलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. दुखणं उठण्याच्या ऐन आधीचं रक्त! मुलीला त्रास झाला, वाईट वाटलं. पण एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही. तिला तशीच पुन्हा एकदा बोलावता येईल का?

डॉक्टरांना लिहायचं राहूनच गेलं. परिषद तोंडावर आहे.

तुझा दादा

रत्नागिरी, २१ एप्रिल १९८६

ती. दादास,
शि. सा. न. – पुढची अक्षरं आज लिहवत नाहीत.

तुझं पत्र वाचून फाडणार होते. बोलावायची गरजच पडली नाही, हौसा काल आपणहून आली. मुंबईच्या मोठ्या साहेबांनी रक्त मागवलं, म्हणजे औषधही तिकडूनच येणार, अशी तिची समजूत. मागच्या खेपेला मी चिडले, ते उपासात काही कमी पडलं म्हणून, असं तिला वाटलं. पाणी पाजायचं, उपास नाही, हे मी इस्पितळात बजावलं होतं. पण तिथे डॉक्टर संधिवात म्हणत होते, तेव्हा माझ्या शब्दाला काय किंमत? काशीला पुन्हा कोरड्या तोंडाने आणली होती.

मी सुई कपाटात टाकली आणि तांब्या पुढे केला. पोर घटाघटा पाणी प्यायली. मग तोंड पुसलं, कुणी न सांगता झग्याची बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला. विचारत होती, बाई, आता तरी औषध येईल ना?

तिला काय सांगू ते कळव.
उल्का