पाणबुडीची डावी बाजू

९ ऑक्टोबर, गुरुवार

काचबिंदू! नाव ऐकून वाटलं, रांजणवाडीसारखं काहीतरी असेल, चार दिवसांत जाईल. तसं नाही. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली आहे. कधी गेली ते मलाही कळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची. थेंब रोज, न चुकता." मग विचारलं, गाडी चालवता का?

म्हटलं, "नाही."

खोटं कुठे बोललो? मी गाडी चालवत नाही. गाडीच्या मागून चालतो.

हिला सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज पाणबुडी ट्रेलरवर चढली. पाण्यात होती तेव्हा नुसती काळी पाठ दिसायची. आता सगळी बाहेर आली – शेहेचाळीस मीटर लांब, साडेतीनशे टन, पोटाला शिंपले चिकटलेले. म्हातारपणी अंघोळीहून उचलून आणल्यासारखी वाटते बिचारी. गोदीपासून संग्रहालयापर्यंत अकरा किलोमीटर, त्यातले चार भर गावातून. पुढचा ड्रायव्हर पुढचं बघणार. मागची सगळी चाकं माझ्या हातात. गळ्यात रिमोटची पेटी, दोन दांडे, एक लाल बटण. वळणावर शेपूट कुठे जाईल ते मी ठरवणार. एकोणतीस वर्षं हेच केलं. इंजिनं, विमानं, एकदा आख्खी आगबोट.

ही मोहीम लेकीची. पहिलीच. कंपनीने विचारलं तेव्हा म्हणे तिने सांगितलं, "मागे बाबा असतील तरच घेते." यार्डात सगळ्यांनी मला हे हसत हसत ऐकवलं. मीही हसलो.

हे शेवटचं काम. मग निवृत्ती. एवढं एक पार पडू दे.

११ ऑक्टोबर, शनिवार

थेंबांची बाटली टूलबॉक्समध्ये, ग्रीसच्या डब्यामागे. ही म्हणाली, "अहो, डोळा लाल का?" – धूळ!

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिला दिवस निभावला. सकाळी सहाला निघालो, दुपारी दोनला थांबलो. साडेचार किलोमीटर. गोगलगाय पुढे गेली असती.

रस्ता सरळ होता तोवर ठीक. गोल चौकात घाम फुटला. उजवीकडचं लख्ख दिसतं, डावीकडचं बघायला मान पूर्ण वळवावी लागते. वळवली की उजवं सुटतं. पिंजऱ्यातल्या घुबडासारखी मान फिरवत होतो. बाजूने बघे टाळ्या वाजवत होते. एक बाई म्हणाली, "किती काळजीने करतात बघा!"

शिट्टी डाव्या बाजूला होता. त्याचं खरं नाव यार्डात कोणी घेत नाही. माझ्यासोबत पहिल्या दिवसापासूनचा, काम एकच – ट्रेलरच्या बाजूने चालायचं आणि काही अडेल असं वाटलं की शिट्टी मारायची. जुलैपर्यंत तो उजवीकडे असायचा. हल्ली डावीकडे चालतो. त्याच्या शिट्ट्यांवर आजचा दिवस काढला. त्याला कळू न देता.

संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, एक इंच हलली नाही शेपूट!" तिचा चेहरा बघून जेवण गेलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मुक्काम. गावातल्या तारा उचलण्याचं काम चालू आहे. उद्या बेकरीचा कोपरा. तिथे सकाळी जाऊन पावलांनी जागा मोजून आलो, दोनदा. भिंतीपासून तीन हात. बेकरीचा लोखंडी जिना बाहेर आलेला, तो धरला तर दीड. पाठ करून टाकलं. डोळे नसले तर पाठांतर!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घडलं तसं लिहितो.

बेकरीच्या कोपऱ्यावर ट्रेलर उजवीकडे वळला. अशा वळणावर शेपूट डावीकडे फेकली जाते, ती मी दाबून धरायची. गच्च्यांवर माणसं, कठड्यांवर पोरं. पोरांनी कुठून तरी शिट्ट्या आणलेल्या, सारख्या वाजवत होती. पाठ केलेल्या आकड्यांवर मी दांडा धरून होतो. वाटलं, जागा आहे. दोन शिट्ट्या ऐकल्या. पोरंच असतील म्हटलं.

मग किंकाळी.

लाल बटण दाबलं. मान वळवली. शिट्टी जिना आणि शेपूट यांच्या मधल्या फटीत होता. उजवा हात कोपरापासून अडकलेला. तोंड पांढरंफटक. आणखी चार बोटं शेपूट गेली असती तर छाती गेली असती. मी ज्याला "जागा" समजत होतो, तिथे माणूस उभा होता, आणि मला तिथे काहीच दिसलं नव्हतं. काळोखही नाही. काहीच नाही.

शेपूट उलटी घेऊन त्याला सोडवलं. लेक धावत आली. त्याला स्ट्रेचरवर ठेवत होते तरी तिने विचारलंच, "त्या फटीत कोणी शिरायचं नाही हा पहिला नियम. तुम्ही का शिरलात?"

तो म्हणाला, "चुकलं, ताई. घटकाभर सावलीला गेलो."

"सावलीला? साडेतीनशे टनांच्या?"

"चुकलं."

मी तिथेच उभा होतो. पेटी गळ्यात. तोंड उघडलं नाही. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते – काय हात आहे, अर्ध्या सेकंदात थांबवली! लेकीने दुपारी अहवाल लिहिला. निष्काळजीपणा, शिट्टीला कामावरून कमी करावं. सही करताना तिचे डोळे भरले होते. लहानपणी ती त्याच्या खांद्यावर बसून यार्ड फिरायची.

मी तेव्हाही बोललो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

१५ ऑक्टोबर, बुधवार

काम बंद. चौकशी चालू. पाणबुडी बेकरीसमोर उभी, बेकरीवाल्याचा धंदा जोरात.

हॉस्पिटलात गेलो. हाड दोन ठिकाणी मोडलंय, आत पट्टी घातलीय. शिट्टी उशीला टेकून बसला होता. मी खुर्ची ओढली आणि एका दमात सांगून टाकलं – डोळा, थेंब, सगळं. म्हटलं, तू सावलीत होतास, पण मला दिसायला हवा होतास.

तो म्हणाला, "सावली कसली लेका. तू शेपूट जिन्यावर घालत होतास. शिट्टी मारली, ऐकू जाईना. म्हणून आत शिरून पत्रा बडवायला गेलो."

मी त्याच्या मोडक्या हाताकडे बघितलं.

"ऑगस्टपासून बघतोय. तुझ्या डाव्या हाताला चहा ठेवला की तू सांडतोस. दारांना खांदा आपटतोस. म्हणून बाजू बदलून घेतली. म्हटलं, डावीकडे मी चालतो, हे शेवटचं काम निघून जाईल."

"मला बोलला का नाहीस?"

"तू मला बोललास?"

मी त्याची उशी सरळ केली. मग तोच म्हणाला, "आता मी बुडालोच आहे. दोघांनी कशाला बुडायचं? राहू दे." थोड्या वेळाने छताकडे बघत म्हणाला, "फक्त एवढं सांग – उद्या तुझ्या डावीकडे कोण?"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सातला लेकीच्या केबिनमध्ये गेलो. ती नकाशावर वाकलेली. "बाबा, नऊला निघायचंय, परवानगी आली," म्हणाली. मी दार लावलं. उभ्यानेच सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "त्या कठड्यांवर लेकरं बसली होती, बाबा."

"हो."

"एक जरी खाली उतरलं असतं –"

"हो."

"सगळ्यांच्या तपासण्या मागितल्या होत्या मी. तुमचा कागद मागितला नाही. माझे बाबा, म्हणून." मग हात पुढे केला. "पेटी."

एकोणतीस वर्षांचा पट्टा मानेवरून काढला. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

नऊला तिने सगळ्यांना उभं केलं आणि नवा अहवाल मोठ्याने वाचला. शिट्टीचं नाव खोडलं. माझं घातलं. शेवटी म्हणाली, "आणि तपासणी न मागण्याची चूक माझी." पुढच्या ड्रायव्हरने मान खाली घातली. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही बघितलं कोणाकडे. निघणं उद्यावर गेलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पेटी लेकीने स्वतःच्या गळ्यात घातली. एकोणीस वर्षांची असताना मीच यार्डात शिकवली होती तिला, रिकाम्या ट्रेलरवर. मला हुकूम – जीपमध्ये बसायचं, उतरायचं नाही.

जीपमधून नुसता वॉकी ऐकू येत होता. "डावी दोन हात… दीड… धरून." संग्रहालयाच्या फाटकात दोन्हीकडे वीतभर जागा. तिथे तिने पाच वेळा थांबवली. मी पाचपैकी तीन वेळा थांबलो नसतो. पाचव्यांदा थांबवून ती पळत डावीकडे गेली, स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली, मग पुन्हा दांडा धरला. माझी नखं सीटमध्ये रुतली होती.

साडेअकराला पाणबुडी संग्रहालयाच्या चौथऱ्यावर टेकली. टाळ्या झाल्या. लेक खाली बसली, पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेतली. माझ्याकडे आली नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

घरात शांतता. लेक हिच्याशी बोलते, माझ्याशी नाही. थेंब आता ही घालते. अंगठ्याने पापणी अशी ओढते की शिक्षाच! "तीस वर्षं संसार केला आणि डोळा ग्रीसच्या डब्यामागे लपवता?" म्हणते.

शिट्टीला कंपनीने ठेवलं. निरोप आला त्याचा: "आता तू चहा उजव्या हाताला घे."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चौकशीसाठी डॉक्टरांचा कागद लागतो. लेक मला घेऊन गेली, रस्ताभर खिडकीबाहेर बघत. डॉक्टरीणबाईंनी कागद लिहिला, शिक्का मारला, मग तिला म्हणाल्या, "तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी."

"मग तुम्हीही बसा या खुर्चीत. हे रक्तातून येतं."

तिलाही आहे. दोन्ही डोळ्यांत. अगदी सुरुवात – नजर अजून तसूभरही गेलेली नाही. थेंबांनी थांबेल म्हणाल्या. "वर्षभराने आला असतात, तर नजर राहील असं सांगता आलं नसतं."

परतताना तिने माझा हात धरला.