उंटाचं ऑइल

मोजणीचा तळ
४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच घ्यावा, अंगावर आठ दिवसांची धूळ आहे.

इथे फोन लागत नाही, पण डाकेची गाडी आठवड्यातून दोनदा येते. म्हणून तुमच्या लाडक्या उंटाविषयी पत्रच लिहिते. माझ्या मोटरसायकलला उंट हे नाव तुम्हीच दिलंत. तिची उंची पाहून आई फक्त पडशील एवढंच म्हणाली होती.

मी २८ ला घरी येते आणि ३० ला पहाटे उंटावरूनच नव्या नोकरीच्या गावी निघते. नऊशे किलोमीटर. त्याआधी इंजिन ऑइल बदलायला हवं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सांगून ठेवलंय, तुम्ही फक्त गॅरेजची किल्ली द्यायची. पण मी तुम्हाला ओळखते. किल्ली तुम्ही देणार नाही. तेव्हा निदान फळीवरचं गाडीचं पुस्तक वाचा, आणि खालचा बोल्ट आवळताना टॉर्कचा पाना चोवीसवर लावून वापरा. पाना 'टक्' म्हणाला की थांबा. इंजिनचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याला तुमचा जोर सोसायचा नाही.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. लोभ आहेच, त्यातला थोडा पान्यावरही करा.

तुमची,
ठमी

घर
११ मार्च

चि. ठमाबाईंस,
अ. उ. आ.

तुझं आज्ञापत्र पोचलं. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलं, हाताखाली शिकलेले बारा जण साहेब झाले, आणि आता बोल्ट कसा आवळायचा ते मी पुस्तकात बघायचं. वाचून कृतकृत्य झालो. पुस्तकही वाचलं. दोनशे बारा पानं. ऑइलला नऊ, बाकी सगळ्या धोक्याच्या सूचना. इंजिन ऑइल पिऊ नये, असंही एका पानावर लिहिलंय. बरं झालं वाचलं, मी कपबशी घेऊनच बसलो होतो.

रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट केलं आणि उंटाच्या पोटाखालचा पत्रा काढला. एवढ्याशा पत्र्याला सात बोल्ट! ज्याने लावले तो घरीही दाराला तीन कड्या लावत असणार. काळं ऑइल आईच्या भांडी घासायच्या टबात उतरवलं. (ह्यावर घरात वेगळी सुनावणी झाली.) फिल्टर बदलला, बोल्ट लावला, नवं ऑइल भरलं, काचेतून पातळी पाहिली. तुझा टॉर्कचा पाना पेटीतून बाहेर आलाच नाही. ज्याच्या हाताला अक्कल नाही त्याने तो वापरावा. कुठे थांबायचं ते माझी बोटं सांगतात.

खाली एखादा थेंब दिसतो, तो बाहेर सांडलेल्यातला. काळजी नसावी.

आशीर्वाद चालू राहतील, सल्ले बंद व्हावेत.

तुझा,
बाबा

तळ
१५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कपबशी आवडली. तळावर सगळ्यांना वाचून दाखवली. 'एखादा थेंब' मात्र आवडला नाही. एखादा म्हणजे किती? आणि तो दिसला की दिसतो? सांडलेलं ऑइल एकदा पुसलं की संपतं. रोज दिसतं ते गळतं.

दुसरं, तुमचं अक्षर. जन्मभर ड्रॉइंगवर छापल्यासारखे आकडे काढलेत, आणि ह्या पत्रात ओळी उताराला लागल्यात, दोन ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलंय. घाईत होतो म्हणाल. निवृत्त माणसाला घाई कसली हो? उंट पळून चालला होता का?

बाबा, आता थट्टा बाजूला. तो बोल्ट मागच्या चाकाच्या पुढे आहे. गळलेलं ऑइल वाऱ्याने सरळ मागच्या टायरवर जातं. नव्वदच्या वेगात, वळणावर, टायरला ऑइल लागलं तर दोनशे बारा पानांतल्या एकाही सूचनेचा मला उपयोग नाही. खरं काय ते कळवा. रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण इतक्या लांबून तुम्हाला ऐकू येणार नाही.

आईच्या टबाला माझी सहानुभूती. लोभ कमी करू नये, थेंब कमी करावेत.

ठमी

घर
२३ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

(मजकूर ह्यांचा, अक्षर माझं. कंसात मी बोलते. – आई)

बोल्ट आवळताना भोकातले आटे जरा गेले. (जरा नाही, सगळे.) आवळत गेलो आणि एकाएकी बोल्ट हातात हलका झाला. धातूच हलक्या प्रतीचा. (धातूला काही झालेलं नाही. हिवाळ्यापासून ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. मलाही त्याच दिवशी कळलं. गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसले होते. तळहातावर बोल्ट, त्याच्या खाचांत चकचकीत कीस. जेवायला हाक मारली तर मान वर केली नाही. मग बोल्टला दोरा गुंडाळून तो तसाच बसवला आणि तुला ते झोकदार पत्र लिहिलं. रोज सकाळी खाली कागद पसरून थेंब मोजत होते. शेवटचा आकडा एकतीस.)

तुझं पत्र आल्यावर मी विचार केला. (दिवसभर गॅरेजला आतून कडी.) दुसऱ्या दिवशी आटे पाडायचं हत्यार आणि तारेची कॉइल आणली. भोकात मोठे आटे पाडायचे, त्यात कॉइल बसवायची, म्हणजे जुना बोल्ट पुन्हा धरतो. त्याला हात स्थिर लागतो. माझा नव्हता. म्हणून तुझ्या आईला गाडीखाली झोपवलं. (तीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढली. भोकात डोकवायची सवय आहे.) हत्याराला ग्रीस लाव, म्हणजे कीस आत पडत नाही, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, असं मी सांगत होतो. (ओरडत होते. मी म्हटलं, दाढ गाडीची काढतेय, तुम्ही का ओरडता?) मग थोडं ऑइल ओतून उरलासुरला कीस धुऊन काढला, नवा वायसर घातला आणि टॉर्कचा पाना लावला. (टक् म्हणाला. मी थांबले.) ऑइल पुन्हा ताजं भरलं. चार दिवस कागद कोरा आहे. काम ठीक झालं. (चौतीस वर्षांच्या संसारात मला मिळालेलं हे पहिलं 'ठीक'. हे पत्र परत आण, मी फ्रेम करून लावणार आहे.)

(मंगळवारी हाताच्या डॉक्टरकडे नेतेय. काही झालेलं नाही म्हणत होते. मी म्हटलं, मग चहाचा कप त्या दोन बोटांनी उचलून दाखवा. कप फुटला. मंगळवार ठरला.)

दोघांचा लोभ एकाच पाकिटात पाठवतोय, भांडणाशिवाय वाटून घे.

आई, आणि नाइलाजाने बाबा

घर
९ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचलीस, फोनवर बोलणंही झालं. पण फोनवर मी थट्टा करून सुटतो, म्हणून पत्र.

मनगटात शीर दबली आहे. छोटं ऑपरेशन आहे. बोटांतलं सगळं परत येईलच असं नाही, असं डॉक्टर तुझ्याएवढ्याच आनंदी चेहऱ्याने म्हणाले.

तू दोन दिवस घरी होतीस. गाडीखाली वाकून पाहिलंस, आईची पाठ थोपटलीस, आणि मला एकही प्रश्न विचारला नाहीस. ओरडली असतीस तर परवडलं असतं. आता न विचारलेल्याचं उत्तर देतो.

ते पत्र लिहिताना मला माहीत होतं की बोल्ट गळतोय. थेंब बाहेरचा नाही, हे माहीत होतं. तरी लिहिलं. तू निघायच्या आधी काहीतरी करू, असं स्वतःला सांगत होतो. बोटं गेली हे कबूल करण्यापेक्षा तुला तशा गाडीवर बसू देणं मला त्या दिवशी सोपं वाटलं. तुझं पत्र आलं नसतं तर तीस तारखेला पहाटे मी तुला अडवलं असतं का? असतं, असं लिहायला बसलो होतो. पण खात्री नाही, ठमे. म्हणून तसं लिहीत नाही.

हे आईला लिहायला दिलं नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं आपण सवयीने लिहितो. ह्या वेळी खरंच मागतोय.

तुझा,
बाबा