तुळशीच्या जाळीतली झिणझिण

९ एप्रिल
सासूबाई आज दोन भाकऱ्या जेवल्या. आप्पा गेल्यापासून, म्हणजे आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी विचारलं, "आई, अजून वाढू?" तर लाजल्यासारखं हसल्या. इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं त्यांना.

१० एप्रिल
कारण कळलं. भांडी घासताना हळूच सांगितलं, "सकाळचं तुळशीला पाणी घालते ना, तवा ते येतात गो."
कोण ते, हे विचारायची गरजच नव्हती. तुळशीला बकऱ्या लागू नयेत म्हणून आप्पांनी भोवती लोखंडी जाळी लावलेली. पाणी घालून झालं की आई तिला हात टेकून नमस्कार करतात. तेव्हा बोटांत झिणझिण होतं म्हणे, पार कोपरापर्यंत. "त्यांचाच हात. मला नाय का कळायचं?"
अंगावर शहारा आला माझ्या. चांगला शहारा. दुपारी मोहाचा वास ओसरीपर्यंत आलेला, समोरचा डोंगर उन्हात हलत होता, आणि घरात कोणीतरी आहे असं सारखं वाटत राहिलं. काम काही धड झालं नाही.

१२ एप्रिल
पहाटे स्वप्न. आप्पा शिडीवर, मी खाली शिडी धरून. दोन वर्षं धरली तशीच. डोळखांबच्या वाटेवरच्या पाड्यांत किती घरांची वायरिंग केली आम्ही दोघांनी! सुनेला वायरमन करतो म्हणून लोक हसायचे त्यांना. स्वप्नात खाली बघून म्हणाले, "चप्पल घातलीस का गो?" कामावर रोज हाच पहिला प्रश्न. कोरडी चप्पल नसेल तर वायरीला हात लावू देत नसत.
जाग आली तेव्हा आई अंगणात होत्या. अनवाणी, ओल्या फरशीवर. मीही जाऊन जाळीला हात लावावा असं फार वाटलं. नाही लावला. ते त्या दोघांचं.

१८ एप्रिल
शुक्रवार. सकाळपासून लाईट नाही. आई तुळशीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. आत आल्या, चहासुद्धा नको म्हणाल्या. "आज नाय आले."
विळीवर भेंडी चिरत होते. हात तसाच थांबला. लाईट नाही, आणि आप्पाही नाहीत.
असलं काही एकदा डोक्यात शिरलं की...

१९ एप्रिल
हे आसनगावला गाडीसाठी निघताना रोज टाकी भरायला मोटर लावून जातात. आईंची तुळशीची वेळ तीच. आज हे गेल्या गेल्या मी अंगणात गेले. चप्पल घालून. आप्पांचा टेस्टर जाळीला लावला.
पेटला. मंद, तांबूस.
मोटर बंद केली तर विझला. वळले तर आई तांब्या घेऊन मागे उभ्या. टेस्टरकडे बघत होत्या.
आप्पा सांगायचे, करंटला परत जायची ओढ असते. वायरीतून नीट गेला तर आपलं काम करून जातो. आवरण कुठे फाटलं की लोखंडात उतरतो आणि मिळेल त्या वाटेने जमीन गाठतो. "ती वाट आपुन व्हायचं नाय." अनवाणी, ओला माणूस म्हणजे फार सोपी वाट. त्याहून सोपी वाट आधीच देऊन ठेवायची, म्हणजे अर्थिंग.
हे सगळं मला तोंडपाठ. तरी दहा दिवस मी घरात आप्पा आहेत म्हणून खूश! स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली.
मोटर सोडवून ठेवली. ह्यांना म्हटलं बेअरिंग गेलंय. खोटं का बोलले? भीती वाटते. आज नुसती झिणझिण आहे, एक दिवस आई जागेवर जातील. आणि झिणझिण काढून घेतली, तर पुन्हा ती अर्धी भाकरी.

२१ एप्रिल
मोटर शहापूरला वाइंडिंगला दिली. अर्थिंग काम का करत नाही, हे बघायला तुळशीजवळची फरशी फोडली. अर्थिंगचा पाइप तिथेच, जाळीला लागून वर येतो. खाली खड्ड्यात भरलेला मीठ-कोळसा ठणठणीत कोरडा, म्हणून मोटरचा करंट जमिनीत न जाता जाळीत. वृंदावनाच्या बुडाशी एक भोक सापडलं, सिमेंटने बुजवलेलं. आप्पांनी मुद्दाम ठेवलेलं ते. आई रोज पाणी घालणारच, जादा झालेलं खड्ड्यात उतरेल, भर उन्हाळ्यात अर्थिंग ओलं राहील.
जानेवारीत अंगणात फरशी घातली. नव्या फरशीवर डाग नकोत म्हणून भोक बुजवायला मी सांगितलं. मीच.
आई आज जेमतेम चार घास.

२४ एप्रिल
मोटर आली. तपासून जोडली. खड्ड्यात नवा मीठ-कोळसा, भोक मोकळं केलं. बोर्डात ट्रिप स्विच बसवला, करंट भलतीकडे वळला की तोच लाईट तोडेल.
मग आईंना सगळं सांगितलं. रडतच. "आई, तो करंट होता. आप्पा नव्हते."
त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.
"चाळीस वर्सं वायरमनची बायको हाय मी. करंट कळत नाय व्हय मला?"
"पयल्या दिशी हात काढून घेतला. दुसऱ्या दिशी नाय काढवला."
सूप तसंच पुढे ओढून निवडत राहिल्या.

२५ एप्रिल
हे गेले. मोटर चालू. आई तांब्या घेऊन आल्या. पाणी घातलं. ते भोकातून खाली उतरताना ऐकू आलं. जाळीपासून हातभर लांब थांबल्या.
"तू लाव आधी."
टेस्टर लावला, पेटला नाही. मग हात लावला.
"नायच ना काय?"
"नाही, आई."
मग त्यांनी लावले. दोन्ही हात, डोळे मिटून. ऊन वृंदावनावर येईपर्यंत तशाच. आणि एकदम रडायला लागल्या. आप्पांना नेलं त्या दिवशीही रडल्या नव्हत्या. मी धरून ठेवलं. उद्या पाणी घालायला येतील की नाही, विचारायचं धाडस झालं नाही. टाकी भरून वाहायला लागली होती. मोटर बंद करायला मी गेले नाही.